शेवटचा टाका उलटा

मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावर आलेला तिसरा कोट मी आधी एकदा दुरुस्त केलेला होता. वरून हे मला कळलं नाही. वरून कळण्यासारखं माझं काम असतं तर मला केव्हाच घरी बसवलं असतं. उजव्या छातीवर, दुसऱ्या बटणाच्या शेजारी, करंगळी जाईल एवढं भोक होतं आणि त्याच्या कडा करपल्या होत्या. फौजेच्या कोटांना पडलेली असली गोळ्यांची भोकं मी अडीच वर्षं बुजवते आहे. नेहमीसारखा कोट उलटा केला, खालच्या घेराशी अस्तर वीतभर उसवलं आणि आतल्या दुमडीतून धागे उपसायला सुई घातली. रफूला बाहेरचा धागा चालत नाही. ज्याचं भोक त्याचाच धागा लागतो, आणि तो जिथे कुणी कधी बघत नाही तिथून काढायचा असतो, म्हणजे अस्तराच्या आतल्या दुमडीतून. म्हणून रफू कितीही बेमालूम असला तरी त्याची एक खूण मागे राहते. वर काही दिसत नाही, पण आत कापड विरळ झालेलं असतं. त्या कोटाची दुमड विरळ होती. एक आड एक धागा आधीच कुणीतरी काढून नेला होता, अगदी माझ्या पद्धतीने. मी उसवायची थांबले होते तिथून बोटभर पुढे अस्तराची जुनी शिवण संपत होती, आणि तिचा शेवटचा टाका उलटा होता. माझी आई डावखुरी होती, तिचा शेवटचा टाका उलटा पडायचा. मी उजवी, पण शिकले तिच्याकडून, त्यामुळे सगळी शिवण सरळ घालते आणि शेवटचा टाका हात आपोआप उलटा घेतो. आमच्या दालनातल्या चाळीस बायकांत दुसरी कुणी असं करत नाही.

मग तो पहिला रफू कुठे होता, ते शोधायला माझी सगळी सकाळ गेली. डोळ्यांना दिसेना, अंगठ्याला लागेना. खिडकीच्या काचांवर स्फोटाच्या भीतीने कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, त्यांच्यामधल्या उजेडात कोट धरला, तिरका केला, पुन्हा आडवा पसरला. शेवटी डाव्या खांद्याच्या खाली, बाहीच्या जोडापासून चार बोटांवर, सापडला; तोही मला खात्रीने सांगता येईना. आपलंच काम आपल्याला सापडू नये, याचा खरं तर अभिमान वाटायला हवा. मला तो वाटला नाही. म्हणजे हा कोट एकदा एकाच्या अंगावर होता, त्याला डावीकडे लागलं. मी ते मिटवलं. मग कोट दुसऱ्याला मिळाला. त्याने तो घालून बघितला असेल, बरा बसतोय म्हणाला असेल, आणि त्याला उजवीकडे लागलं. आता तो तिसऱ्याला मिळायचा होता, आणि त्या तिसऱ्याला पहिल्या दोघांचा पत्ता लागू नये म्हणून सरकार मला पगार देत होतं.

"काय गं, तोंड असं का झालंय?" शेजारच्या टेबलावरून टोपीवालीने विचारलं. ती पूर्वी बायकांच्या टोप्या बनवायची, स्वतःचं दुकान होतं. मंदी आली तेव्हा लोकांनी टोप्या विकत घेणं बंद केलं आणि एकमेकांना घालणं सुरू केलं, हा तिचा ठरलेला विनोद. तो ती नव्या बाईला पहिल्याच दिवशी ऐकवते.

"हा कोट परत आलाय."

"धुतलाय ना?"

"धुतलाय."

"मग झालं तर. आपल्याकडे येतो तेव्हा त्यात कुणी नसतं. एवढं लक्षात ठेवायचं आणि सुई चालवायची." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या धाकट्या भावाचं निघणं कधी आहे?"

"शनिवारी कपडे मिळणार. सोमवारी आघाडीवर निघतील."

तिने मान हलवली आणि पुन्हा सुईत डोकं घातलं. मी मात्र त्या दिवशी दुसरं काही करू शकले नाही. धाकट्याला शनिवारी जो कोट मिळणार होता, तो याच इमारतीच्या तळमजल्यावरून जाणार होता. हे मला कधीच ठाऊक नव्हतं असं नाही. दुरुस्त कोटांचा डोंगराएवढा ढीग रोज माझ्या डोळ्यांसमोर खाली जायचा. पण एखादी गोष्ट माहीत असते आणि तरी अंगाला लागलेली नसते. ती त्या मंगळवारी लागली.

ही इमारत शहरातलं सगळ्यात मोठं कपड्यांचं दुकान होती. तिसऱ्या मजल्यावर, जिथे आता आमची टेबलं आहेत तिथे, पुरुषांचे कोट मिळायचे, आणि मागच्या खोलीत मी एकटी बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे रफू करायचे. सिगारेटने पडलेलं भोक, खिळ्याला लागून फाटलेली बाही, कसरीने खाल्लेली कॉलर. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि माझ्या हाताचं नाव झालं होतं. मग एका वर्षात सगळं उलटलं. कारखान्यांची धुराडी एकेक करून थंड पडली, बँकांच्या दारांशी माणसांचे घोळके दिसायला लागले, आणि मंदी हा शब्द, जो आधी फक्त पेपरात असायचा, तो जिन्यात, दुधाच्या रांगेत, लहान मुलांच्या भांडणात ऐकू येऊ लागला. दुकानाने आधी दिवे कमी केले, मग माणसं, मग एका सोमवारी दारच उघडलं नाही. मी सुया घेऊन घरी आले. आणि चमत्कार असा की मंदीने सगळ्यांचं काम काढून घेतलं, माझं मात्र वाढवलं. नवा कोट घेण्याची कुणाची ऐपत नव्हती आणि फाटक्या कोटात नोकरी मागायला कुणी जाऊ शकत नव्हतं. लोक मागच्या जिन्याने यायचे. कोट वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि हा माझ्या मित्राचा आहे अशी सुरुवात. वकील यायचे, मास्तर यायचे, एकदा ज्या बँकेचं दार बंद झालं होतं तिथला मोठा साहेब आला. प्रत्येकाचा मित्र गरीब झाला होता, आणि जाताना प्रत्येकजण दारात थांबून एकच विचारायचा, "दिसणार नाही ना?" मी म्हणायचे, "नाही दिसणार." ते खरंच दिसायचं नाही. मंदीच्या त्या वर्षांत आमच्या शहराच्या रस्त्यांवरून जी चांगल्या कपड्यांतली माणसं ताठ मानेने चालत होती, त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली होती. बाहेरून कुणी पाहुणा आला असता तर म्हणाला असता, इथलं बरं चाललंय.

बाबांचा कोटही माझ्याकडेच असायचा. काळा, जाड लोकरीचा, आईने निवडलेला. ती गेल्यावर त्यांनी दुसरा घेतला नाही. बाबा लाकडाच्या कंपनीत पत्रव्यवहार बघायचे. कोटाला बोलता येत नाही असं लोकांना वाटतं. रफू करणारीला विचारा. जो माणूस टेबलाशी बसून लिहितो त्याच्या उजव्या बाहीची खालची बाजू झिजून चकाकायला लागते. जो ओझी वाहतो त्याचा खांदा जातो. जो वाट बघत उभा राहतो त्याचे खिसे फाटतात, कारण हातांना दुसरीकडे जागा नसते. बाबांची उजवी बाही दर हिवाळ्यात मी एकदा तरी रफू करायची. मंदीच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती झिजायची थांबली. त्याऐवजी कोट मागून झिजायला लागला, मांड्यांच्या वर, आणि दोन्ही कोपरांवर सारखाच. मी तो माझ्या मांडीवर पसरला आणि मला कळलं की बाबा टेबलाशी बसत नाहीत. बाकावर बसतात, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून. रोज सकाळी आठला ते डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी सहाला यायचे, आणि टोपी काढता काढता म्हणायचे, "आज फार काम होतं." मी म्हणायचे, "हात धुऊन या, वाढते." धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा. तो पाटीवर काहीतरी खरडत बसलेला असायचा.

मी बोलले नाही. का बोलले नाही याची उत्तरं मी इतक्या वर्षांत इतकी तयार केली आहेत की त्यांतलं खरं कोणतं ते आता मलाच सांगता येत नाही. त्यांना लाज वाटेल, हे एक. त्यांनी सांगितलं नाही म्हणजे त्यांना सांगायचं नाही, हे दुसरं. आणि एक तिसरंही आहे, ते मला आवडत नाही: माझा हात चांगला होता. बाकाने झिजलेली जागा मी अशी काही भरायची की सकाळी आठला बाहेर पडणारा माणूस कामावर निघालेला साहेबच वाटावा. दिवसभर मी परक्यांना म्हणायचे, नाही दिसणार. बापाला न विचारता तेच म्हटलं. तीन हिवाळे मी त्यांच्या कोटाच्या दुमडीतले धागे काढून त्यांच्या पाठीला लावत राहिले, आणि तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी दुमडीत काढण्यासारखं काही उरलं नाही.

त्याच सुमाराला, थंडीत बिनकामाची माणसं जिथे उबेला बसायची ती वाचनालयं कोळशाअभावी बंद झाली. बाबा मग बंदरावरच्या प्रतीक्षागृहात जाऊन बसू लागले असावेत, कारण तिथेच ते सापडले. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांना काहीतरी झालं. मान छातीवर पडली. झाडूवाली दोनदा त्यांच्या पायांशी झाडून गेली. तिने मला ते अगदी भाबडेपणाने सांगितलं: "साहेबांचा डोळा लागलाय असं वाटलं. कपड्यांवरून चांगल्या घरचे दिसत होते, म्हणून हटकलं नाही. फाटका कुणी असता तर सकाळीच हलवून उठवला असता, तिथे झोपायला बंदी आहे ना." डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव असणार. सकाळी आणलं असतं तर, एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते वाक्य तेव्हापासून माझ्याकडे आहे. बाबांचा कोट मला परत मिळाला तेव्हा त्यावर एक सुरकुती नव्हती.

त्यानंतर मंदी कशी गेली ते मला नक्की सांगता येणार नाही. ती गेली नाही, तिच्या जागेवर युद्ध येऊन बसलं. धुराडी पुन्हा पेटली. ज्यांना दहा वर्षं कुणी विचारलं नव्हतं त्यांना घरी येऊन बोलावलं जाऊ लागलं. रस्त्याच्या कोपऱ्यांवर हात खिशात घालून उभी राहणारी माणसं एकदम दिसेनाशी झाली, आणि लोक म्हणाले, चला, हाताला काम तर मिळालं. दुकानाचं दार उघडलं, आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवले गेले, तिसऱ्या मजल्यावर चाळीस टेबलं लागली. मी पहिल्याच आठवड्यात आले. इथला तपासनीस मोठा कडक. दुरुस्त केलेला कोट तो टेबलावर पसरतो, डोळे मिटतो आणि उजवा अंगठा छातीवरून, खांद्यांवरून, पाठीवरून सावकाश फिरवतो. अंगठा कुठे थांबला तर कोट परत. नाही थांबला तर खाली. आम्ही त्याला अंगठेबहाद्दर म्हणतो. माझ्या कोटावर त्याचा अंगठा अडीच वर्षांत एकदाही थांबलेला नाही. त्याची दोन मुलं तिकडे आहेत, आणि डोळे मिटल्यावर तो काय बघतो, कोण जाणे. मंगळवारचा तो कोटही संध्याकाळी त्याच्या अंगठ्याखालून गेला, दोन्हीकडून गुळगुळीत. मी बघत उभी होते.

शनिवारी धाकटा कोट घालूनच घरी आला. काचेच्या दुकानात काम करतो तो, म्हणजे करायचा. काच कापण्याचं काम, बोटांवर सगळीकडे बारीक चिरा. युद्धात सगळ्यात तेजीत काय असेल तर काच, असं तो म्हणायचा, मग काचच मिळेनाशी झाली आणि खिडक्यांना पुठ्ठे लागले. वीस वर्षांचा आहे. बाबा गेले तेव्हा बारा वर्षांचा होता. त्यानंतर त्याला मीच वाढवलं. दारात उभा राहून त्याने दोन्ही हात पसरले.

"बघ तरी ताई, कसा दिसतो?"

"खांद्यात मोठा होतोय."

"तिथे गेलो की खांदे वाढवतो."

"काढ तो."

"अगं, आत्ताच घातलाय."

"काढ म्हणते ना. बटणं सैल आहेत, घट्ट करून देते."

बटणं सैल नव्हती. रविवारी तो जेवून काचवाल्या मालकाचा आणि मित्रांचा निरोप घ्यायला गेला, आणि मी कोट घेऊन खिडकीशी बसले. दुपारचा उजेड चांगला होता. मी आधी अंगठेबहाद्दरासारखे डोळे मिटले आणि अंगठा फिरवला, छातीवरून, पोटावरून, पाठीवरून, बगलांतून. कुठे थांबला नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून पाणी प्यायले. कोट नवा आहे, मी स्वतःशी म्हणाले. आणि म्हणता म्हणता कळलं की हे मी अगदी तसंच म्हणाले, जसं लोक माझ्या जिन्यात म्हणायचे. नव्या कोटावर अंगठा थांबत नाही, आणि माझ्याही कोटावर थांबत नाही. उभं आयुष्य मी या दोहोंत फरक राहू नये म्हणून घालवलं होतं, आणि आता तो फरक मलाच हवा होता. तो फक्त अस्तराच्या आत सापडणार होता. कात्री हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसून होते. नाही उघडलं तर कोट नवा राहील. धाकटा हसत जाईल, मी हात हलवीन, आणि पुढे काय व्हायचं ते होईल, त्यात या कोटाचा काही दोष असणार नाही. कोट काही माणसाला मारत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण बाबांच्या वेळीही मी हेच केलं होतं. कळत होतं, आणि वरून छान दिसत होतं.

मी घेराशी आधी शिवणीचं टोक शोधलं. शेवटचा टाका उलटा होता. आत एक आड एक धागा गेलेला. भोक मात्र सापडेना. ऊन खिडकीच्या एका पट्टीवरून दुसरीवर गेलं तेव्हा कुठे डाव्या खिशाच्या झाकणाच्या वर, बरगडीवर, सुपारीएवढी जागा जरा वेगळी वाटली. मी बारीक कात्रीने पहिला धागा तोडला. दुसऱ्याचं काम मी पुष्कळ वेळा उसवलंय, स्वतःचं कधी नाही. ते सहज निघत नव्हतं, उभा धागा आडव्याला सोडत नव्हता, आणि मला रडू यायला लागलं. रडत रडतच मी ते सगळं काढलं. शेवटी भोक उघडं पडलं, माझ्या हातात आलं होतं तेव्हा जसं होतं तसं, कडा करपलेल्या. कुणाचं होतं ते आठवणं शक्य नव्हतं. त्या महिन्यात तशी शेकड्याने आली होती.

धाकटा आला तेव्हा कोट टेबलावर पसरलेला होता.

"हे काय केलंस, ताई?"

"मी नाही केलं. हे होतंच. मी बुजवलं होतं, ते उघडलं."

त्याने त्या भोकात बोट घातलं आणि पलीकडून आलेलं टोक बघितलं. मग हळूच काढून घेतलं.

"आधीच्या माणसाचं?"

"हो."

"मेला तो?"

"ते मला कुणी सांगत नाही रे. भोक तेवढं दाखवतात."

"सगळेच कोट असले असतात?"

"सगळे नसतील. पण रोज गाडी भरून जाते आमच्याकडून."

तो खुर्चीत बसला. त्याला राग आला होता, आणि रागात तो लहानपणी दिसायचा तसाच दिसत होता. "मग मला कशाला सांगितलंस? मी उद्या जाणार आहे. न सांगता शिवून दिलं असतंस तर मला काय कळणार होतं?"

"म्हणूनच सांगितलं," मी म्हणाले. आणि मग जे आठ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. उजवी बाही झिजायची कशी थांबली, बाक, तीन हिवाळे, झाडूवाली काय म्हणाली ते. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प राहिले, असं अगदी याच शब्दांत सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाबांना काम नाही ते. मी तिसरीत असताना एकदा शाळा बुडवली होती, तर ते मला बागेत दिसले. बाकावर बसले होते, असे वाकून. मला बघून उठून उभे राहिले. ओरडले नाहीत. डब्यातलं अर्धं मला दिलं आणि म्हणाले, ताईला सांगू नकोस हं, तिला काळजी लागेल."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"त्यांनी नको म्हटलं होतं."

दोन खोल्यांचं आमचं घर. त्यात तिघं राहायची, तिघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि रोज संध्याकाळी सहाला एकजण म्हणायचा आज फार काम होतं, दुसरी म्हणायची हात धुऊन या, आणि तिसरा पाटीवरून मान वर करायचा नाही. मला वाटायचं गप्प राहण्याचं पाप माझं एकटीचं आहे. ते वाटून घेतल्याने हलकं झालं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आता हे शीव बाई," धाकटा शेवटी म्हणाला. "तिकडे थंडी फार आहे म्हणतात."

मी पलंगाखालची पेटी ओढली. लोकरीचे कपडे जमा करा असा हुकूम निघाला तेव्हा मी माझा कोट दिला होता, बाबांचा दिला नव्हता. त्याच्या दुमडीत धागा नव्हताच, म्हणून मी उजव्या बाहीतून काढला, टेबलाने चकाकलेल्या जागेतून. काळा धागा, मातकट कापडावर. उभे भरले, मग आडवे भरले, आणि कडा आत लपवल्या नाहीत.

"अगं, हे केवढं दिसतंय," तो माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला.

"दिसू दे."

"हवालदार विचारेल."

"सांग त्याला, बहिणीला रफू येत नाही."

तो हसला. मग कोट घालून त्याने त्या काळ्या जागेवर तळहात ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. "बाबांचा आहे होय हा धागा," एवढंच म्हणाला.

सोमवारी सकाळी धाकट्याची तुकडी मोठ्या रस्त्याने चालत गेली. आम्हाला खाली जायला परवानगी नव्हती, पण अंगठेबहाद्दराने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, डोळ्यांना विश्रांती द्या पाच मिनिटं, तशा सगळ्या जणी खिडक्यांपाशी गेल्या. कागदाच्या पट्ट्यांमधून मी खाली बघितलं. एकाच रंगाचे कोट, ओळीमागून ओळी, चेहरे टोप्यांखाली. यांतले किती माझे, ते मला ओळखता येत नव्हतं. मग सातव्या की आठव्या ओळीत एक काळा ठिपका दिसला, बरगडीवर, आणि मी म्हणाले, "तो बघ माझा." टोपीवालीने माझा हात धरला. ठिपका वळणापर्यंत दिसत होता.

याला आता चार महिने झाले. पत्रं येतात, त्यांतल्या निम्म्या ओळी कुणीतरी काळ्या करून पाठवतं. मी इतरांचे कोट पूर्वीसारखेच करते, दिसता कामा नये असे. तेवढं धाडस मला नाही. फरक पडलाय तो एका गोष्टीत. पूर्वी गठ्ठा आला की मी सरळ दोरी कापून पहिला कोट उलटा करायची आणि अस्तराला कात्री लावायची. आता आधी सगळे सुलटे पसरते आणि डाव्या बरगडीवर बघते. काळ्या धाग्याने मी त्याचा कोट हजारांत ओळखता येईल असा करून ठेवला, तो जाताना ओळखता आला, आणि गठ्ठ्यातून रिकामा परत आला तर तेव्हाही ओळखता येईल. हे मला त्या रविवारी शिवताना सुचलं नव्हतं. टोपीवाली म्हणते, बघू नकोस, आला तर आला. अंगठेबहाद्दराने मला असं करताना दोनदा बघितलं. तेव्हापासून तो माझे गठ्ठे खिडकीजवळ ठेवायला सांगतो, उजेडात.

अजून काळा धागा आलेला नाही. आजचे दोन गठ्ठे उघडायचे आहेत.